दस्तुरी ते वर्गणी : नोकरी शोधणाऱ्याने पैसे कशाचे भरायचे?

१

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. हा लेख म्हणजे ते लांबलेले उत्तर आहे.

ती वाणिज्य शाखेची पदवीधर. भिवंडीजवळ मानकोलीच्या एका गोदामात मालाच्या आवक-जावकीच्या नोंदी संगणकावर ठेवण्याचे काम तिने तीन वर्षे केले. कंत्राट बदलले, नवा कंत्राटदार आपली माणसे घेऊन आला आणि जुन्यांना निरोप मिळाला. त्यानंतर चार महिने ती अर्ज करत होती. कुठूनही उत्तर नाही. साधा नकारही नाही. एका संध्याकाळी मोबाईल माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मामा, हे बघ. महिन्याला एवढे पैसे भरले की माझं प्रोफाइल कोणी कोणी पाहिलं ते दिसेल, आणि कंपनीतल्या माणसाला थेट मेसेज टाकता येईल. भरू का? तू एवढं वाचतोस, तूच सांग."

नोकरीसाठी ओळखीपाळखी जुळवून देणारे ते एक संकेतस्थळ होते. रक्कम म्हटली तर फार नव्हती. पण त्या घरात तेव्हा फक्त तिच्या आईच्या शिलाईकामाचे पैसे येत होते, आणि त्या हिशेबात ती नक्कीच जाणवणारी होती.

मी अर्थतज्ज्ञ नाही, समाजशास्त्रज्ञही नाही. महाविद्यालय दुसऱ्या वर्षाला सुटले. पुढची बरीच वर्षे सायझिंगच्या कारखान्यांत हिशेब लिहिण्यात गेली. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या टेबलावर, जुने अहवाल आणि शब्दकोश शेजारी शेजारी ठेवून. हिशेबाच्या कामाने मला एक सवय लावली : पैसे देण्याआधी बिल ओळ न् ओळ वाचायचे. बिलात काय लिहिले आहे ते पाहायचे, आणि काय लिहिलेले नाही तेही पाहायचे. या वर्गणीकडे मी तसेच पाहणार आहे.

२

या प्रकारच्या संकेतस्थळांत सर्वांत मोठे नाव लिंक्डइनचे. त्याच्याविषयी बरीच माहिती जाहीर आहे, म्हणून पुढचे विवेचन त्याच्याभोवती केले आहे. ते मे २००३ मध्ये सुरू झाले. सशुल्क सेवा २००५ मध्ये आल्या. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतले. भारतात त्याचे दहा कोटींहून अधिक सदस्य आहेत आणि अमेरिकेनंतर आपलाच क्रमांक लागतो. २०२४ पासून ते मराठीतही वापरता येते. नोकरी शोधणाऱ्यासाठी त्याच्या सशुल्क सदस्यत्वात मुख्यतः चार गोष्टी मिळतात.

पहिली, आपले प्रोफाइल कोणी पाहिले त्यांची यादी. पण ज्याने आपले नाव गुप्त ठेवण्याचा पर्याय निवडला आहे, त्याचे नाव पैसे भरणाऱ्यालाही दिसत नाही. आणि पाहणारा माणूस भरती करणारा आहे, जुना वर्गमित्र आहे की आपल्यासारखाच दुसरा उमेदवार आहे, यावर त्या यादीचे मोल ठरते.

दुसरी, 'इनमेल'. ओळख नसलेल्या माणसाला थेट संदेश पाठवण्याची ही सोय. नोकरी शोधणाऱ्यांच्या योजनेत महिन्याला असे पाच संदेश मिळतात. समोरच्याने नव्वद दिवसांत उत्तर दिले तर तो संदेश आपल्या खात्यात परत जमा होतो. हा नियम मला बोलका वाटतो. उत्तर येणे ही या व्यवहारात गृहीत धरायची गोष्ट नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे.

तिसरी, तुलना. या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांत तुम्ही 'टॉप ॲप्लिकंट' आहात की नाही, हे यंत्र सांगते. ही पारख संकेतस्थळाने प्रोफाइलवरून केलेली असते. निवड करणाऱ्या कंपनीचे मत त्यात नसते.

चौथी, शिकण्याचे चित्रफितींचे वर्ग. यांचा उपयोग निःसंशय होऊ शकतो. मात्र ते शिक्षण आहे, नोकरीचा मार्ग नव्हे. तशा प्रकारचे बरेच शिक्षण इतरत्र फुकटही मिळते.

या चारही ओळी पुन्हा वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. पैसे भरून आपल्याला रांग अधिक स्पष्ट दिसते. रांगेत आपण कुठे असू याचा अंदाज मिळतो, आणि खिडकीतल्या माणसाला लांबून हाक मारता येते. रांगेतली आपली जागा मात्र तीच राहते. एके काळी पैसे भरणाऱ्याचा अर्ज भरती करणाऱ्याच्या यादीत वर दाखवण्याची सोय लिंक्डइनवर होती. तेव्हा खरोखर जागाच विकली जात होती. पण त्या मालात मुळातच खोट होती. एकाने पैसे भरले तर तो पुढे जातो. सगळ्यांनी भरले तर सगळे होते तिथेच राहतात, फक्त खिसे हलके होतात.

प्रोफाइलवर दिसणाऱ्या सोनेरी चिन्हाचेही असेच. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातील 'संकेतां'विषयी निबंध लिहिला. पुढे २००१ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एखादी खूण उमेदवाराची गुणवत्ता तेव्हाच सांगते, जेव्हा ती मिळवणे गुणी माणसाला सोपे आणि इतरांना अवघड असते. कार्डावरून पैसे वळते करून जी खूण कोणालाही मिळते, ती फक्त पैसे भरल्याचे सांगते.

३

"पैसे भरणाऱ्या सदस्यांना नोकरी मिळण्याची शक्यता इतक्या पटींनी अधिक", अशा धाटणीची वाक्ये या सेवांच्या जाहिरातीत असतात. हे आकडे खोटे असतील असे मी म्हणत नाही. ते खरे असूनही आपल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर खासगी क्लासांच्या बाहेर गुणवंतांचे फोटो लागतात. क्लासला न जाणाऱ्यांपेक्षा जाणाऱ्यांचे गुण जास्त, हे बहुधा खरेच असते. पण क्लासला कोण जातो? ज्याच्या घरी फी भरण्याची ऐपत आहे, अभ्यासाला जागा आहे आणि मागे लागणारे पालक आहेत तो. त्याचे गुण क्लासमुळे वाढले की तो क्लास न लावताही तेवढेच मिळवणार होता, हे फोटोवरून कळत नाही. वर्गणीचेही तसेच. ती भरणारा माणूस अधिक नेटाने शोधत असतो, अनेकदा आधीच्या नोकरीत असतो, आणि ज्या क्षेत्रात भरती या संकेतस्थळांवरून होते अशाच क्षेत्रात असतो. फरक वर्गणीचा की माणसाचा, हे ठरवायचे तर सारख्याच उमेदवारांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून वर्गणी द्यावी लागेल, काहींना ठेवावी लागणार नाही, आणि मग दोन्ही गटांची तुलना करावी लागेल. जाहिरातीतली 'पट' अशा तुलनेतून आलेली आहे असे जाहिरात सांगत नाही, तोवर ती पुरावा म्हणून धरता येत नाही.

४

तशा प्रकारचा एक मोठा प्रयोग मात्र लिंक्डइनवरच झाला आहे. गंमत अशी की तो एका फुकट सोयीवर झाला.

त्याची पार्श्वभूमी जुनी आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरी बदललेल्या लोकांना विचारले होते की तुम्हाला ही जागा कोणाकडून कळली, आणि तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? १९७३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्याकडून कळली होती, ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, तर २७.८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. नमुना ५४ जणांचाच होता, पण कारण पटणारे आहे. जिवलग माणसे आपल्याच वर्तुळात वावरतात. त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी बाहेरच्या वर्तुळातून येते.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या कल्पनेची मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. तिचे लेखक लिंक्डइन, हार्वर्ड, स्टॅनफर्ड आणि एमआयटी या संस्थांतले होते. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून संकेतस्थळ जी नावे सुचवते, त्यांत जवळच्या आणि दूरच्या ओळखींचे प्रमाण कमीजास्त करून त्यांनी पाच वर्षांत दोन कोटींहून अधिक सदस्यांवर काय परिणाम झाला ते पाहिले. या काळात सुमारे २०० कोटी नवे संबंध जुळले आणि सहा लाख नोकऱ्यांची नोंद झाली. निष्कर्ष दोन. एक, बेताच्या दूरच्या ओळखी सर्वांत उपयोगी ठरतात; फार जवळच्या नाहीत, आणि ज्यांच्याशी काहीच धागा नाही अशाही नाहीत. दोन, जिथे काम संगणकावर चालते अशा उद्योगांत दूरच्या ओळखी कामी येतात, आणि जिथे ते कमी असते तिथे जवळच्या. आपल्यावर प्रयोग चालला आहे हे त्या सदस्यांना माहीत नव्हते, यावर तेव्हा टीकाही झाली, आणि ती मला रास्त वाटते.

आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे की नोकरीवर परिणाम करणारी जी गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली, तिला पैसे पडत नाहीत. ओळख सुचवली जाते फुकट, जोडली जाते फुकट. आणि ज्याच्याशी काहीच धागा नाही अशा माणसाला संदेश पाठवणे हा जो सशुल्क भाग, तो या प्रयोगातल्या सर्वांत उपयोगी ओळखींत बसत नाही.

मला माझाच अनुभव आठवला. विशीत असताना एका खासगी नोकरी-संस्थेने माझ्याकडून नोंदणी फी घेतली होती. पुढे तिथून पोस्टकार्डही आले नाही. सायझिंगमधली पहिली नोकरी मिळाली ती वडिलांना वर्षातून एकदोनदा भेटणाऱ्या एका रंगाच्या व्यापाऱ्यामुळे. "तमुक ठिकाणी हिशेबाला माणूस हवाय, पोराला पाठव," एवढेच तो धामणकर नाक्यावर उभ्या उभ्या बोलला होता.

५

नोकरीसाठी पैसे मोजणे हे आपल्या भागाला नवे नाही. भिवंडीच्या मागांचा इतिहास मुंबईच्या गिरणगावाशी जोडलेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर तर कापडाचे काम इकडे आणखी सरकले. त्या गिरण्यांत माणूस कामाला लावण्याचा अधिकार अनेक दशके जॉबरच्या हाती होता. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकिणी करत. काम हवे तर दस्तुरी द्यायची, टिकवायचे तरी द्यायची. सकाळी गिरणीच्या दारात जमणाऱ्या बदली कामगारांतून कोणाला आत घ्यायचे, हे जॉबरच्या बोटावर ठरे. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल कमिशनमध्ये ना. म. जोशीही सदस्य होते. त्याच्या १९३१ च्या अहवालाने या लाचखोरीची दखल घेतली आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून घ्यावे अशी शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली, तीही जॉबरची सत्ता आवरण्यासाठी.

वर्गणीची आणि दस्तुरीची तुलना करावी, असा मोह मला या लेखाच्या सुरुवातीला झाला होता. ती सरसकट केली तर अन्याय होईल. जॉबर लाच घेत होता, धमकावत होता, आणि नकार देणाऱ्याला उपाशी ठेवू शकत होता. संकेतस्थळ यातले काही करत नाही. त्याचा व्यवहार उघड आहे आणि वर्गणी केव्हाही बंद करता येते. पण त्याच तुलनेची दुसरी बाजूही आहे. जॉबरच्या हातात नोकरी होती. दस्तुरी दिली की काम मिळे. संकेतस्थळाच्या हातात नोकरी नाही. त्याच्याकडे नोकरीची बातमी आहे आणि नोकरी देऊ शकणाऱ्यांची नावे आहेत. नीतीच्या कसोटीवर ते जॉबरहून कितीतरी स्वच्छ आहे. परिणामाच्या कसोटीवर त्याच्या मालात कितीतरी कमी आहे.

एक साम्य मात्र उरते. जॉबरला गिरणीचा पगार होता आणि कामगाराकडून दस्तुरी होती. मिळकत दोन्ही बाजूंनी. लिंक्डइनची मोठी कमाईही भरती करणाऱ्या कंपन्यांकडून होते. १९९७ पासून चालत आलेल्या आपल्या नोकरी डॉट कॉमचेही तसेच, आणि तिथेही उमेदवारांसाठी वेगळ्या सशुल्क सेवा आहेत. मालकाने माणूस शोधण्यासाठी पैसे दिलेले असतात. मग त्याच भेटीसाठी माणसानेही का द्यावेत?

६

हा प्रश्न माझा नाही. जगाने तो पूर्वीच विचारलेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचे सातवे कलम सांगते की खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, पूर्ण वा अंशतः, कोणतेही शुल्क घेऊ नये. अपवादांची सोय आहे, पण त्यासाठी कारणे द्यावी लागतात. याच कराराच्या पहिल्या कलमात, नोकरी जुळवून न देता केवळ माहिती पुरवणाऱ्या सेवाही रोजगार संस्थांच्या व्याख्येत आणता येतील असे म्हटले आहे. इंटरनेट बाल्यावस्थेत असताना केलेली ही तरतूद आजच्या वर्गणीला थेट भिडते. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही.

आपल्या सरकारचा मार्ग वेगळा होता. १९५९ च्या सेवायोजन कायद्याने २५ किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक केले होते. उमेदवाराची नोंदणी फुकट. पण त्याच कायद्यात म्हटले होते की कळवलेल्या जागी सेवायोजन कार्यालयाने पाठवलेलाच माणूस घ्यावा अशी सक्ती नाही. म्हणजे तिथेही बातमी होती, नोकरी नव्हती. फक्त बातमीचे पैसे पडत नव्हते. आज 'महास्वयम्' आणि २०१५ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय करिअर सेवा, दोन्ही फुकट आहेत.

यापेक्षा पुढचे पाऊल महाराष्ट्राने टाकले ते माथाडी कायद्याने. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या या कायद्याने ओझी वाहणाऱ्यांची नोंदणी मंडळाकडे आणली, आणि मंडळाच्या खर्चाची व कामगारांच्या लाभांची लेव्ही मालकावर टाकली. या कायद्याच्या अंमलबजावणीवर टीका करता येईल. पण तत्त्व स्वच्छ आहे : काम आणि माणूस यांची गाठ घालण्याचा खर्च काम करून घेणाऱ्याचा. मानकोली, काल्हेर, राहनाळच्या गोदामांतून रोज पाठीवर पेट्या वाहणाऱ्या माणसासाठी जे तत्त्व आपण मान्य केले, ते त्याच गोदामात संगणकापुढे बसणाऱ्या मुलीला लागू होत नाही. ती सुशिक्षित, म्हणून तिने आपला खर्च आपण करावा, असे आपण मनात कुठेतरी धरून चाललो आहोत.

७

मग पैसे भरूच नयेत का? तसे मी म्हणणार नाही. ज्याचे क्षेत्र असे आहे की तिथली भरती याच संकेतस्थळांवर होते, ज्याच्या गाठीला काही वर्षांचा अनुभव आहे, आणि ज्याला ठरावीक चारपाच माणसांनाच लिहायचे आहे, त्याला महिनाभराची वर्गणी उपयोगी पडू शकेल. पहिला महिना बऱ्याचदा फुकट असतो. तो घ्यावा, आणि बंद करण्याची तारीख आधीच कॅलेंडरवर लिहावी. नवख्याने, आणि ज्याच्या घरात ती रक्कम जाणवते त्याने, आधी फुकट गोष्टी संपवाव्यात. प्रोफाइल नीट लिहावे, जुन्या सहकाऱ्यांना जोडून घ्यावे, आणि तीन वर्षांत ज्यांच्याशी फोनवर बोलणे झाले त्या ट्रान्सपोर्टवाल्याला, ऑडिटरला, पुरवठादाराच्या माणसाला एक साधा निरोप पाठवावा.

हे सगळे मी भाचीला सांगितले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मामा, पटलं. पण तुला एक कळलं नाही. मी शंभर अर्ज केले आणि एकानेही 'नाही' म्हटलं नाही. कोणी पाहिलं एवढं जरी कळलं ना, तरी वाटतं की आपण आहोत."

याचे उत्तर माझ्या टिपणांत नव्हते. मी बिल वाचले होते, पण विकत घेणाऱ्याची गरज वाचली नव्हती. पैसे भरून तिला नोकरी हवी होतीच, पण त्याआधी तिला ती शांतता मोडायला हवी होती. अर्ज पोहोचला, वाचला, नाकारला, एवढे कळवणे हे खरे तर जागा जाहीर करणाऱ्याचे काम. ते तो करत नाही, आणि त्या न दिलेल्या उत्तराच्या जागेवर एक दुकान उभे राहिले आहे. कायद्याने काही करायचेच असेल, तर जाहीर केलेल्या जागेच्या प्रत्येक अर्जाला ठरावीक मुदतीत हो किंवा नाही कळवण्याचे बंधन मालकावर घालावे. माझी खात्री आहे की तेवढ्याने या वर्गणीची निम्मी गरज संपेल.

तिने एक महिना फुकटचा घेतला आणि मुदतीआधी बंद केला. पाहणाऱ्यांच्या यादीत काही नावे दिसली. त्यांतल्या कोणाकडूनही पुढे काही आले नाही. पण ती यादी चाळताना तिला गोदामातल्या एका जुन्या सुपरवायझरचे नाव दिसले. तो आता पनवेलजवळ एका कंपनीत आहे. तिने त्याला साधा फोन केला. त्याने बायोडेटा मागवून घेतला आहे. हा लेख छापायला जाईपर्यंत तिकडून उत्तर आलेले नाही.